गल्ल्यावरचा अंदाज

दुकानातलं गिऱ्हाईक बाई की पुरुष हे यंत्राने ओळखायचं, या कल्पनेचं मूळ कॅमेऱ्यापेक्षा जपानमधल्या गल्ल्यावर आधी सापडतं. सेव्हन-इलेव्हन जपानने 1982 पासून दुकानांत संगणकाला जोडलेले गल्ले आणले. अशा गल्ल्यांवर बटणांच्या दोन रांगा असत, एक पुरुषांची, एक बायकांची. बटणांवर 12, 19, 29, 49 असे वयाचे आकडे. त्यातलं एक दाबल्याशिवाय व्यवहार पुरा होत नसे. म्हणजे ओळखणारा ‘सेन्सर’ गल्ल्यावरचा नोकरच होता, आणि रांग लांबली की तो हाताला येईल ते बटण दाबून मोकळा होई. तरी दुकानदाराचं भागत असे, कारण त्याला जाणून घ्यायचं होतं ते संध्याकाळी ओनिगिरी (भाताचे गोळे) कोण नेतं हे. नेणारा अनोळखी, म्हणून लिंग आणि वय ही कामचलाऊ खूण. पॉइंट कार्डांमुळे त्याच माणसाची खरेदी थेट कळू लागली, आणि 2010 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मोठ्या साखळ्यांनी ही बटणं काढायला घेतली.

व्यापाराने टाकून दिलेला तो अंदाज कॅमेऱ्याने मात्र उचलला. यंत्र नोकरासारखं कंटाळत नाही, आणि दुकानाला सरासरी कळली तरी पुरे. इकडच्या चुका तिकडच्या चुकांत जिरतात, असं यावर म्हटलं जातं. चुका सगळीकडे सारख्या पडत असत्या तर हे पटलं असतं. संशोधक जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर 0.8 टक्के, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. अशी सरासरी एका गिऱ्हाइकाला हिशेबातच धरत नाही.

चेहरा साठवलाच जात नाही, मग बिघडलं काय, हा दुसरा बचाव अधिक वजनदार. नोकराचा अंदाज बटणापाशी संपत असे. यंत्राला त्यासाठी चेहऱ्याचे आकडे काढावे लागतात. कॅनडातल्या 12 मॉलमध्ये नकाशा दाखवणाऱ्या फलकांत असेच कॅमेरे दडवले होते. सुमारे 50 लाख प्रतिमा टिपल्या गेल्याचं तिथल्या गोपनीयता आयुक्तांच्या 2020 च्या चौकशीत उघड झालं. प्रतिमा पुसल्या जात, पण चेहऱ्यांचे आकडे तिसऱ्याच कंपनीकडे साठत होते. असा साठा असल्याचं आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं मॉलच्या मालक कंपनीचं म्हणणं होतं.