विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३ – ३१ डिसेंबर १९२६) हे मराठी इतिहाससंशोधक, भाषाभ्यासक व विचारवंत होते. ‘इतिहासाचार्य’ या उपाधीने ते ओळखले जातात.

जीवन
राजवाडे यांचे घराणे वरसई (ता. पेण, जि. रायगड) येथील. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. त्यांचे उच्च शिक्षण पुण्यात झाले. काही काळ शिक्षकी केल्यावर त्यांनी ‘भाषांतर’ हे मासिक चालविले. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा मराठी अनुवादही केला. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुनर्विवाह केला नाही व उर्वरित आयुष्य संशोधनास वाहिले. त्यांचे निधन धुळे येथे झाले.

साधनसंग्रह
मराठ्यांचा इतिहास तोवर प्रामुख्याने बखरी व इंग्रज लेखकांचे ग्रंथ यांवर आधारलेला होता. समकालीन अस्सल कागदपत्रांवाचून तो लिहिता येणार नाही, अशी राजवाडे यांची भूमिका होती. जुने वाडे, मठ व देवस्थाने येथील दप्तरे वाळवी, ओल व अनास्था यांमुळे नष्ट होत असल्याने त्यांनी गावोगाव हिंडून ती मिळविली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पुढे तिचे २२ खंड झाले. पहिल्या खंडाच्या विस्तृत प्रस्तावनेत पानिपतच्या मोहिमेची चिकित्सा आहे. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ते एक संस्थापक होते.

भाषा व समाज
१९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची एका जुन्या पोथीवर आधारलेली प्रत संपादून प्रसिद्ध केली. हा ग्रंथ अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे रचला गेला, अशी परंपरा आहे. ‘महिकावतीची बखर’ व ‘राधामाधवविलासचंपू’ यांचे संपादनही त्यांनी केले. ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ हे त्यांचे लेखन कुटुंबरचनेचा ऐतिहासिक अंगाने विचार करते. संशोधन मराठीतच प्रसिद्ध करण्याचा त्यांचा आग्रह होता.

मूल्यमापन
राजवाडे यांची साधने व त्यांचे निष्कर्ष यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. जातीविषयक विधानांत त्यांचा ब्राह्मणवर्गाकडे कल दिसतो, असा आक्षेप घेतला गेला. कायस्थ प्रभूंविषयीच्या त्यांच्या लेखनास प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून उत्तर दिले. त्यांच्या काही व्युत्पत्तीही पुढील अभ्यासकांना मान्य झाल्या नाहीत. मात्र मूळ पत्रे छापून ठेवल्यामुळे ती वाचून त्यांच्याहून भिन्न निष्कर्ष काढणे पुढील पिढ्यांना शक्य झाले. त्यांच्या निधनानंतर धुळे येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.