चोरांच्या बोलीचा प्रवास

फ्रेंचमधली 'आर्गो' ही बोली म्हणजे चोरांची गुप्त भाषा, असा समज आहे. त्याला आधारही आहे: १४५५ साली दिजाँ शहरातल्या खटल्यात कोकियार टोळीच्या सांकेतिक शब्दांची यादीच नोंदवली गेली. पण गुप्तता हेच तिचे सर्वस्व असते, तर बिंग फुटताच ती संपली असती. उलट, कैदेतून पोलीस खात्यात आलेल्या विदोकने तिचे शब्द छापले आणि १८६२मध्ये ह्यूगोने 'ले मिझेराब्ल' या कादंबरीत तिच्यावर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. पॅरिसच्या खाटकांची 'लुशेबेम' ही आर्गो गिऱ्हाइकांपासून बोलणे लपवी, हे खरे. पण अरबीतून, अल्जीरियातल्या सैनिकांमार्फत आलेला डॉक्टरवाचक 'तुबिब' काय लपवतो? काहीच नाही. आर्गो जगली ती गुपितापेक्षा सोबत्यांमधल्या आपलेपणावर.