पेव आणि टोके

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. पेव पाहिलेली माणसे मात्र आता विरळ झाली. आमच्या सीमाभागात ज्वारी पेवात ठेवण्याची चाल जुनी. कानडी शेजारी त्याला 'हगेवु' म्हणतात; मराठी कानांनी हसू नये. तोंड अरुंद, पोट मोठे असा जमिनीतला खड्डा, आतून कडब्याचा थर, वर दगडी झाकण आणि मातीचा लिंपा.

हा सारा खटाटोप ज्याच्यासाठी, तो टोका जेमतेम तीन मिलिमीटरांचा. लिनीयसने १७६३ साली त्याचे शास्त्रीय बारसे केले. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवून टाकते. अळी दाणा आतूनच पोखरते. उबदार हवेत महिन्याभरात नवा किडा बाहेर! तोवर कितीही पाखडा, निवडा, कळणार काय?

पेवात मात्र दाणे, बुरशी आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवतात, आणि टोका गुदमरतो. म्हणूनच नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरणे माणसाच्याही जिवावर बेते. जाणती मंडळी आधी दिवा सोडून पाहत.

पहिल्या महायुद्धात जहाजे मिळेनात, ऑस्ट्रेलियात गव्हाचे ढीग पडून राहिले आणि त्यांत टोके माजले. त्या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीसाठी आर्थर डेंडी यांनी हवाबंद साठवणीचे प्रयोग केले. किडे मारतो तो कार्बन डायऑक्साइड, असा त्यांचा कौल. पुढे १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्याच बेली यांनी दाखवले, की मुख्य कारण प्राणवायूची उणीव. तो २ टक्क्यांच्या आसपास आला की पुरे. आमच्या कुणब्याला टक्के ठाऊक नव्हते, लिंपा ठाऊक होता.

पेव निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. कडेचे धान्य दमटून काळे पडे, भाकरीला वास येई. बियाण्याची ज्वारी म्हणूनच वेगळी, राख मिसळून कणगीत. पण मागासलेपणाची खूण म्हणून पेवे बुजवली गेली, तेव्हा किड्यांचा हिशेब कुणी मांडल्याचे मला दिसत नाही. विषारी धुरीच्या गोळ्या आल्या. १९७२-७३च्या जागतिक पाहणीत त्यांना न जुमानणारे किडेही सापडले. १९८०च्या दशकाअखेर कॅमेरूनमध्ये चवळीतल्या भुंगेऱ्यांवर अमेरिकी शास्त्रज्ञांनी उपाय शोधला, तो प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशव्यांचा. म्हणजे खांद्यावर घेता येणारे पेवच!

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे एकविसाव्या शतकातही वापरात होती. २००५च्या महापुरात त्यांतली पुष्कळ नासली.