मोजणी, माल आणि संघटना

गुप्तरोगांचा विषय सभेत निघाला की पुष्कळ मंडळी छताकडे पाहू लागतात. रोग मात्र कोणाची भीड धरीत नाही. तेव्हा आपणही ती घटकाभर बाजूला ठेवू. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण झाले ते रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या एका कपाटापुढे. म्हणून आरंभही कारखान्यापासूनच करतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही भांडून ग्राइंडरवरील कामगारांना संरक्षक चष्मे मिळवून दिले. महिन्याभराने पाहतो तो चष्मे खुंटीला लटकलेले! आम्ही कामगारांना अडाणी ठरवून मोकळे झालो. तेव्हा एक म्हातारा कामगार म्हणाला, "भाऊ, काचेवर धूळ बसते. ती पुसण्यात वेळ जातो, आणि पैसे तर नगावर मिळतात." चष्मा डोळ्यांवर चढायचा की खुंटीला राहायचा, हे मजुरीचा दर ठरवीत होता. दर बदलून घेतला, तेव्हा चष्मे चढले. हा धडा ध्यानात ठेवून पुढील हकीकत ऐकावी.

१९६४ साली कलकत्त्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील काही अभ्यासकांनी सरकारपुढे एक योजना मांडली. कुटुंबनियोजनाचे साधन केवळ दवाखान्यात ठेवून भागणार नाही. चहा आणि साबण ज्या वाटेने खेड्यापाड्यांत पोचतात, त्याच वाटेने तेही पोचवावे, असा तिचा आशय होता. १९६८ पासून 'निरोध' पंधरा पैशांना तीन या स्वस्त दराने विक्रीस आला. चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरीचे सेल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातून तो किराणा दुकानात आणि पानाच्या गादीवर जाऊन बसला. समाजहितासाठी बाजाराची रीत वापरण्याच्या या पद्धतीला 'सोशल मार्केटिंग' हे नाव फिलिप कॉटलर आणि जेराल्ड झाल्टमन यांनी दिले ते १९७१ साली. म्हणजे बारशाच्या आधीच मूल आपल्या देशात चालू लागले होते!

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, यांच्या तपासणीत देशातील पहिले एचआयव्हीबाधित आढळले. त्या बाधित स्त्रिया देहविक्रय करून पोट भरणाऱ्या होत्या. ज्या साधनाकडे सरकार लोकसंख्येच्या चिंतेने पाहत होते, तेच आता प्राण वाचविणारे ठरले. दुकानात ते मिळत होते; पण वापरले जात होते काय?

याचे उत्तर कलकत्त्याच्याच सोनागाछी वस्तीत मिळाले. १९९२ साली अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेचे डॉ. स्मरजित जाना यांनी तेथे पाहणी केली. साधनाचा नियमाने वापर करणाऱ्या स्त्रिया शंभरात तीनही भरल्या नाहीत. कारण विचारता निघाले ते आमच्या म्हाताऱ्या कामगाराचेच. एकीने आग्रह धरला, की गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाई. डोक्यावर सावकाराचे कर्ज. वर घरवाली, दलाल आणि पोलीस. अशा स्त्रीला रोगाचे भय सांगून काय उपयोग? दहा वर्षांनी येणाऱ्या मरणापेक्षा आजची उपासमार जवळची असते.

म्हणून जाना यांनी हा प्रश्न नीतीचा न मानता धंद्यातील आरोग्याचा मानला. वस्तीत दवाखाना उघडला. आणि उपदेशक बाहेरून न आणता त्याच स्त्रियांतून निवडून, मानधन देऊन नेमले. हिरवा अंगरखा घातलेल्या या स्त्रिया दारोदार जाऊन साधन देत, आजार ओळखायला शिकवीत, आणि सर्वांनी मिळून एकच अट घालावी, असे सांगत. सगळी दारे एकच अट घालतात, तेव्हा गिऱ्हाइकाला शेजारचे दार उरत नाही. श्रोतेहो, संपाचे शास्त्र याहून निराळे ते काय?

१९९५ साली या स्त्रियांनी 'दुर्बार महिला समन्वय समिती' स्थापली. दुर्बार म्हणजे आवरता न येणारी. त्याच वर्षी सावकारापासून सुटण्यासाठी 'उषा' ही सहकारी पतसंस्था निघाली. सभासद सच्छील असावा, असे कायद्याचे कलम आडवे आले. गृहिणी म्हणून नाव नोंदविण्याची पळवाट त्यांनी नाकारली. आपला व्यवसाय लपविला नाही, आणि नोंदणी मिळविली. पुढे स्वस्त निरोध विकण्याचे कामही 'उषा'ने अंगावर घेतले. १९९९ साली प्रकल्पाचा सारा कारभार 'दुर्बार'कडे आला. तोवर साधन वापरणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ऐंशीच्या पुढे गेले होते. मुंबईच्या अशाच वस्त्यांत त्या सुमारास निम्म्या स्त्रियांना लागण झालेली असता, सोनागाछीत ते प्रमाण शेकडा दहाच्या आसपास राहिले.

आपल्याकडेही सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ मध्ये काम आरंभिले, आणि १९९६ मध्ये तेथील स्त्रियांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. तेव्हा हा केवळ कलकत्त्याच्या पाण्याचा गुण म्हणता येणार नाही.

देहविक्रय हा व्यवसाय मानावा की नाही, यावर आमच्या चळवळीत आजही मतभेद आहेत. फसवून आणलेल्या मुलीचा प्रश्न कोणताही शहाणा मनुष्य विसरणार नाही. परंतु हा वाद मिटेपर्यंत माणसे मरू द्यावीत काय?

शेवटी एक कबुली. एकदा आमच्या गावच्या अशाच काही स्त्रिया बैठकीसाठी युनियनचा हॉल मागण्यास आल्या होत्या. भाडे देण्यासही त्या तयार होत्या. हॉलची दुरुस्ती चालू आहे, असे आम्ही सांगितले. दुरुस्ती चालू नव्हती. "बरं, दादा," एवढेच म्हणून त्या जिना उतरल्या. कामगारांनो, एक व्हा, हे शब्द त्याच हॉलच्या भिंतीवर आम्ही स्वतः रंगवून घेतले होते. त्या पुन्हा आल्या, तर किल्ली कोठे ठेवली आहे हे आम्ही आमच्या तरुण सहकाऱ्यांना सांगून ठेविले आहे.