टॉय डिझायनर कसं व्हायचं? काम, शिक्षण आणि पगार

खेळणी बनवणं म्हणजे नुसतं चित्र काढणं नव्हे. डिझायनर कॅड सॉफ्टवेअरवर मॉडेल बनवतो, थ्रीडी प्रिंटरवर नमुना काढतो. मग इंजिनिअर साचा तयार करतात आणि टेस्टिंगवाले सुरक्षितता तपासतात. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्यामुळे टेस्टिंगमध्येही काम मिळतं.

शिक्षण: एनआयडीच्या गांधीनगर कॅम्पसला टॉय अँड गेम डिझाइनचा एम.डेस. कोर्स आहे. प्रॉडक्ट डिझाइन किंवा मेकॅनिकल करूनही या क्षेत्रात येता येतं.

कमाई: रस्ते दोन. नोकरीत दरमहा ठरलेला पगार, पण डिझाइनचा हक्क सहसा कंपनीचा. दुसरा रस्ता रॉयल्टीचा, म्हणजे घाऊक विक्रीवर साधारण ५ टक्के. समजा २०० रुपये घाऊक किमतीचे १०,००० नग विकले गेले, तर तुमच्या हातात १ लाख.

मी पहिल्या नोकरीत करार न वाचताच सही केली. रात्री घरी बसून बनवलेला माझा बोर्ड गेमही कंपनीचाच ठरला! म्हणून पगाराचा आकडा बघण्याआधी एक ओळ नक्की शोधा: घरी केलेलं काम कोणाचं?