जुहू, पवई आणि घरची टपालपेटी

मंडळी, मुंबईतल्या ईमेलचा इतिहास सांगायचा तर तो फोर्टातून नाही, उपनगरांतून सुरू करावा लागतो. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास साध्या टेलिफोनवरून पत्रं जाऊ-येऊ लागली. एक यंत्र दुसऱ्याला फोन लावायचं, साठलेली पत्रं द्यायचं-घ्यायचं, फोन ठेवून द्यायचं. बस्स.

सामान्य माणसाला हे मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातलं 'शेल अकाउंट' होतं. त्यात नुसती अक्षरं. पत्र वाचायचं ते निगमच्याच यंत्रावर, 'पाइन'मध्ये, आणि तोवर घरचा फोन अडकलेला. अमेरिकेतल्या मुलाला चार ओळी लिहिताना आई अडखळली, की तेवढी मिनिटं खात्यातून गेलीच म्हणून समजा.

इथे लिनक्स कामाला आलं. १९९६ मध्ये पीसीक्वेस्टने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि मोठ्या यंत्रांवरचा टपालाचा सगळा सरंजाम अंधेरी-मुलुंडच्या वन रूम किचनमध्येही मांडता येऊ लागला. पुढे पूर्ण इंटरनेटचं खातं परवडू लागल्यावर आपण निवांत, फोन न लावता पत्रं लिहायची. ती 'सेंडमेल'च्या रांगेत थांबायची. रात्री मोडेमने फोन लावायचा, रांग रवाना करायची, 'फेचमेल'ने आलेली पत्रं घरी उचलून आणायची, फोन मोकळा. म्हणजे बघा, जुहू-पवईचीच रीत!

मात्र सेंडमेलची मांडणी भल्याभल्यांना रडवायची. घरच्या यंत्राला आपण हौसेने काहीबाही नाव ठेवलेलं. तेच पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गेलं, की समोरचा सर्व्हर पत्र नाकारणार, किंवा उत्तर कुठेच पोचणार नाही. बाहेर जाताना खऱ्या खात्याचा पत्ता लावायचा, हे कळेपर्यंत दोन रविवार जायचे.

आम्हाला इतिहास म्हणून खरी काळजी वेगळीच आहे. फेचमेल पत्र घरी आणलं की निगमच्या पेटीतून पुसून टाकायचं. मुद्दाम 'ठेव' म्हटलं तरच ठेवायचं. म्हणजे एकुलती प्रत घरच्या डिस्कवर. साठच्या दशकातली आंतरदेशीय पत्रं ट्रंकेत सापडतात. ही कुठे शोधायची? रोमन लिपीत लिहिलेलं मराठी आजही वाचता येतं, कारण ती साधी टेक्स्ट फाइल आहे. पण कुणी स्वतःच्या फाँटात देवनागरी लिहिली असेल, तर तो फाँट हाती नसला की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. तेव्हा माळ्यावरचा जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी डिस्क तेवढी काढून घ्या. 'व्हार'मधल्या 'स्पूल'च्या आत 'मेल' नावाचं फोल्डर असेल, आधी ते बघा. फाँटांची फ्लॉपी सापडली, तर तीही टाकू नका.