मणक्यावरचा किरण

भिवंडीत कोणी पाठ दुखते म्हणाला, तर आपण मान वर करूनही पाहत नाही. बारा बारा तास मागापुढे उभा राहणारा माणूस. त्याची पाठ दुखणार नाही तर कोणाची? आम्हीही असेच समजत होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतला एक मागवाला रात्र रात्र पाठ ठणकते असे सांगत आला, तेव्हा बीम उचलताना लचक भरली असेल म्हणून आम्हीच त्याला चार दिवस विश्रांती घ्यायला सांगितले. तीन महिन्यांनी त्याचे पाय लुळे पडले. मग परळ गाठले. मणक्यात कर्करोग उतरला होता. आम्ही वैद्य नव्हे, शाळाही सातवीत सुटली. परंतु त्या दिवसापासून या विषयाचे जे हाती येईल ते वाचीत आलो. त्यातले थोडे आज आपल्यापुढे ठेवतो.

परळचे टाटा रुग्णालय गिरणगावाच्या मध्यभागी उभे राहिले. लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या विश्वस्तनिधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी 80 खाटांचे हे रुग्णालय उघडले. तेव्हा चहूकडे गिरण्यांचे भोंगे वाजत. आज भोंगे बंद झाले, रुग्णालय मात्र वाढत गेले. 1962 मध्ये त्याचा कारभार अणुशक्ती खात्याकडे सोपविण्यात आला. रुग्णालयाचा अणूशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण कर्करोगाच्या उपचारात किरणांचे स्थान किती मोठे होणार, हे होमी भाभांनी ओळखले होते. त्याच खात्याच्या भाभा केंद्राने पुढे भाभाट्रॉन नावाचे कोबाल्ट यंत्र देशातच तयार केले.

क्ष-किरणांचा शोध राँटगेनने 1895 साली लावला. सुरुवातीचे किरण दुबळे. त्यांचा बराचसा जोर कातडीतच खर्ची पडे. 1951 साली कॅनडात कोबाल्टचे यंत्र रोग्यांसाठी वापरात आले, तेव्हा किरण खोलवर पोहोचू लागले. तरी मणक्याची अडचण राहिलीच. मणक्याच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, आणि त्याला किरणांची ठरावीक मात्राच सोसते. रोगाला मारावे तेवढी मात्रा द्यावी तर रज्जू जळणार, रज्जूला जपावे तर रोग शिल्लक राहणार.

मग सुरी का नको? शस्त्रवैद्य पाठीकडून मणक्याची कमान काढून रज्जूवरचा दाब हलका करीत. पण गाठ बहुधा पुढच्या बाजूला, मणक्याच्या मुख्य हाडात असते. म्हणजे गाठ राहायची आणि धड भाग मात्र निघायचा! 1978 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अशा रोग्यांचा हिशेब मांडला, तेव्हा नुसत्या किरणांपेक्षा शस्त्रक्रिया व किरण या जोडीने अधिक लाभ झालेला दिसला नाही. सुरी मागे पडली. 2005 मध्ये ती परत आली. अमेरिकेत 101 निवडक रोग्यांवर झालेल्या प्रयोगात, गाठ काढून, मणक्याला आधार देऊन नंतर किरण दिले, तेव्हा शेकडा 84 रोगी चालू शकले. नुसत्या किरणांनी 57.

दरम्यान किरणाला नेम शिकवण्याचे काम चालूच होते. स्टॉकहोमच्या लेक्सेलने 1951 मध्येच चहूबाजूंनी बारीक किरण एकाच बिंदूवर आणण्याची कल्पना मांडली. पण ती डोक्यासाठी, कारण कवटी चौकटीत जखडता येते. पाठ कशी जखडणार? श्वासाबरोबर सारे अंग हलते. स्टॅनफर्डच्या जॉन ॲडलर यांनी यंत्राला जणू डोळे दिले : उपचार चालू असतानाच ते क्ष-किरणाने चित्र घेते आणि नेम सुधारते. 2001 मध्ये अमेरिकेत ते सर्व शरीरासाठी मान्य झाले. आता गाठीवर मोठी मात्रा आणि काही मिलिमीटर पलीकडच्या रज्जूवर बरीच कमी, असे साधते. मुंबईतही अशा नेमक्या किरणांची सोय आहे.

याने सुरी टळते काय? पुष्कळदा टळते. पण हाड मोडून मणका डळमळत असेल, तर किरण त्याला टेकू देऊ शकत नाही. उलट मोठ्या मात्रेने कधी हाडच पिचते. वेदनेचे म्हणाल, तर 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नेमक्या किरणांच्या दोन मात्रांनी तीन महिन्यांनंतर शेकडा 35 जणांची वेदना पूर्ण गेली होती. साध्या किरणांच्या पाच मात्रांनी 14 जणांची. 2023 च्या दुसऱ्या प्रयोगात मात्र नेमक्या किरणांची एक मोठी मात्रा साध्या 8 ग्रेच्या एका मात्रेपेक्षा सरस ठरली नाही. आम्हाला ही बातमी मोलाची वाटली. साधे यंत्र, एकच दिवस, एकच खाडा! दहा दिवस परळला राहायचे म्हणजे धर्मशाळेत जागा मिळते का पाहा, नाहीतर पदपथावर पथारी टाका. आणि इकडे मागावर दुसरा माणूस उभा झालेला असतो.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. उपचाराच्या वेळी जो स्वतःच्या पायांनी चालतो, तोच बहुधा पुढेही चालतो. पाय गेल्यावर आलेल्याचे परत येणे कठीण. आमच्या सोबत्याला किरण दिले, ठणका उतरला, त्याला झोप लागू लागली. पाय परत आले नाहीत.

आता संघटनेच्या कचेरीत कोणी पाठ धरून आला, की आम्ही विचारतो : आडवे झाल्यावर, रात्री जास्त दुखते का? पायांत मुंग्या, अशक्तपणा? लघवी अडते का? पूर्वी कधी गाठ निघाली होती का? यातले काहीही असले, की त्याच दिवशी त्याला घेऊन डॉक्टरकडे जातो. खाड्याचे पैसे वर्गणीतून देतो. शंभरातल्या बहुतेकांचे दुखणे शेवटी मागाचेच निघते, आणि ते आम्हाला हसतात. हसू देत.